गाडी सुरू होत नाही? थांबा, आधी ऐका!

मैत्रिणींनो, पहाटेचे साडेपाच वाजलेत, अंगावर शाल, हातात थर्मास, आणि दारातली गाडी नुसतं 'खट्' करून गप्प बसलीय, असा प्रसंग तुमच्यावर कधी आलाय का? माझ्यावर आला, २०२२ च्या डिसेंबरात.

माझी आई सांगलीला एकटी असते. तिच्या दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी मिरजेच्या दवाखान्यात साडेनऊची वेळ मिळाली होती. साताऱ्याहून सांगली म्हणजे सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. कराड, पेठ नाका, आष्टा करत अडीच-तीन तास सहज जातात. आमचे हे फिरतीवर, म्हणून मीच निघणार होते. गाडी म्हणजे आमची आल्टो. २०१३ सालची, आणि २०२० च्या फेब्रुवारीत सांगलीतूनच सेकंडहँड घेतलेली. 'डॉक्टरांची गाडी आहे वहिनी, एकहाती वापरलेली,' असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. सेकंडहँड गाड्या इतक्या डॉक्टरांच्या कशा असतात, हे मला अजून कळलेलं नाही.

तर त्या पहाटे जे करू नये ते सगळं मी केलं. वीस वेळा चावी फिरवली. अंधार म्हणून हेडलाइट चालूच ठेवले. शेजारचे काका आले, 'ॲक्सिलेटर दाबून बघा' म्हणाले, तेही केलं. शेवटी दिवे मंद होत होत विझले. मग रिक्षा, स्टँड, एस.टी. सांगलीत पोचले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. मिरजेतला नंबर गेला आणि पुढची तारीख सहा आठवड्यांनी मिळाली. आई मला काहीच बोलली नाही. पण दुपारी एका डोळ्याने सुईत दोरा ओवायची तिची खटपट बघून माझा जीव कसनुसा झाला.

साताऱ्यात परत आल्यावर बॅटरीवाल्याने गाडी पाहिली, 'बॅटरी गेलीय ताई' म्हणाला आणि नवी बसवून दिली. चार हजार रुपये गेले, पण गाडी सुरू झाली. आणि दुसऱ्या तारखेला आठच दिवस राहिले असताना, एका रविवारी पुन्हा तेच. खट्!

आता नवी बॅटरी पाच आठवड्यांत कशी जाईल? आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील गाड्यांची कामं करतात, त्यांना फोन केला. दादा आले, पण हत्यारांची पेटी त्यांनी उघडलीच नाही. म्हणाले, "बाई, चावी फिरवा आणि कान द्या. गाडीच सांगते काय दुखतंय ते."

त्या दुपारी मी जे शिकले, ते तुम्हाला सांगते.

चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एकही दिवा लागला नाही, तर बॅटरी पार उतरली आहे किंवा तिच्या टोकावरची वायर सुटली आहे. दिवे लागले पण 'कट्‌कट्‌कट्' असा भराभर आवाज आला, तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर बुरशीसारखी पांढरी-हिरवी पूड धरली आहे. एकच जड 'खट्' आला आणि हेडलाइट मात्र लख्ख राहिले, तर बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही किंवा सेल्फच बिघडला आहे. आणि सेल्फ 'घर्र घर्र' जोरात फिरतोय पण इंजिन धरत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. मग बघायचं ते पेट्रोल आणि ठिणगी. पेट्रोलच्या गाडीत चावी अर्धी फिरवून थांबलं, की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाची बारीक गुणगुण येते. ती आली नाही तर फ्यूज किंवा पंप तपासून घ्यावा. डॅशबोर्डवर किल्लीचं चित्र लुकलुकत असेल तर गाडी तुमची चावीच ओळखत नाही. कपाटातली दुसरी चावी आणून बघा.

सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त मारू नये, मध्ये अर्धा मिनिट तरी दम घ्यावा. मी मारला होता तसा सलग मारला, की बरी बॅटरीही उतरते आणि मूळ रोग झाकला जातो.

व्होल्ट मोजायचं छोटं मीटर काही शे रुपयांत मिळतं. गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे अर्धीच भरलेली. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. तितके दिसले नाहीत तर बॅटरी चार्जच होत नाहीये, मग नवी आणली तरी तीही उतरणार.

आमच्या बॅटरीत पुरते १२.६ व्होल्ट होते. दिवे लख्ख आणि आवाज एकच 'खट्'. दादांनी एक जाड जंपर वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. "मारा सेल्फ." आणि काय सांगू, पहिल्या झटक्यात सुरू! म्हणजे बॅटरी ठीक, सेल्फ ठीक, दोष होता तो मायनसची वायर खाली गिअरबॉक्सला जिथे बोल्टने आवळलेली असते तिथे. तिला अर्थची वायर म्हणतात. बॅटरी बदलताना वायर हलली, तेव्हा तात्पुरता कनेक्शन लागला होता, एवढंच.

बोल्ट खोलला तर आत हिरवी पूड, आणि तिच्याखाली मऊ, राखाडी गाळ. दादांनी तो बोटावर चोळला आणि म्हणाले, "बाई, ही गाडी पाण्यात उभी होती."

सांगलीच्या मुलीला याहून जास्त सांगायला लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथे धोक्याची पातळी ४५ फुटांची आहे. गावभागातल्या आईच्या कपाटाच्या खालच्या खणातून अजून तोच गाळ निघतो. त्यानंतर सहा महिन्यांत आम्ही ही गाडी घेतली, आणि गाडी महापुरातली असेल, हे मला, सांगलीच्या माहेरवाशिणीला, सुचूही नये! रंग चकचकीत होता, सीटकव्हर नवी होती, तेवढ्यावर आम्ही भुललो.

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ साली महापूर येऊन गेला. त्या भागातली गाडी घेत असाल तर एवढं नक्की करा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांवर गंज आहे का बघा. डिकीतली स्टेपनी उचलून खालच्या खळग्यात हात फिरवा. गालिच्याचा कोपरा उचलून वास घ्या. कोंदट वासावर अत्तराची बाटली लावलेली असेल तर जास्तच संशय घ्या. आणि जुने विम्याचे कागद मागा. ज्या वर्षी क्लेम होत नाही त्यानंतर मालकाला नो-क्लेम बोनस मिळतो. पुरानंतरच्या पॉलिसीत तो एकदम शून्यावर आला असेल, तर का, ते विचारा. आम्ही हे कागद मागितलेच नव्हते.

आणि उद्या तुमच्याच गाडीच्या इंजिनापर्यंत पाणी चढलं, तर ओसरल्यावर हौसेने चावी मुळीच फिरवू नका. इंजिनात पाणी असेल तर ते दाबलं जात नाही, आतला दांडाच वाकतो. शिवाय इंजिनाचं वेगळं कव्हर घेतलेलं नसेल तर असा खर्च विमा कंपन्या बहुधा देत नाहीत. बॅटरीची वायर काढायची आणि गाडी ओढूनच न्यायची.

आता घरच्या घरी करण्यासारखं. बॅटरीच्या टोकांवर पूड धरली असेल तर हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या आधी काढून ठेवा, धातू दोन्ही टोकांना टेकला तर भाजतं. गाडी बंद करून काळी, म्हणजे मायनसची वायर आधी सोडवा, मग लाल. कपभर गरम पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फेस येतो, घाबरू नका, फक्त तो डोळ्यांत किंवा अंगावर उडू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करा, लाल वायर आधी आणि काळी शेवटी आवळा, वर बोटभर व्हॅसलीन लावा. बॅटरीजवळ काडी ओढू नका. खंडेनवमीला पूजा करताना उदबत्तीसुद्धा बॉनेट उघडून आत ओवाळू नका, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

आमच्या साताऱ्यासारखं चढउताराचं गाव असेल तर गिअरच्या गाडीला धक्का मारूनही सुरू करता येतं. चावी ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, आणि वेग आला की क्लच सोडायचा. पण इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, म्हणून उतारावर एकटीने हा प्रयोग करू नका. ऑटोमॅटिक गाडी अशी सुरू होत नाही.

दादांनी अर्थची वायर नवी घातली, पायाखालचा गालिचा काढून चार दिवस उन्हात टाकायला लावला. वायरचे आणि मजुरीचे मिळून साडेसहाशे रुपये झाले. बॅटरीचे चार हजार गेले ते गेलेच.

दुसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री मी दोनदा गाडी सुरू करून पाहिली, तरी झोप काही लागली नाही. पहाटे पेठ नाक्यावर थर्मासमधला चहा घेतला आणि नवाच्या आत आईला घेऊन मिरजेत पोचले. पट्टी निघाल्यावर घरी जाताना आई गाडीत बसली, पायाखाली वाकून बघू लागली. मी म्हटलं, "वाकू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय ना?" तर म्हणते, "अगं, गाळ दिसतोय का बघत होते."