चाकावरचं पोट (लेखांक 9) : लाल दिवा आणि अर्धी बाटली

जुन्या पिकअपचं सीट उचललं की खाली तीन वस्तू हमखास सापडतात: जॅकचा दांडा, कळकट फडका आणि ब्रेक ऑइलची अर्धी बाटली. दांडा आणि फडका ठीक. बाटली दिसली की मी मालकाला विचारतो, "दिवा किती दिवसांनी लागतो?" तो आधी चमकतो. मग म्हणतो, "महिन्या-दीड महिन्यानं. थोडं टाकलं की जातो."

गेल्या आठवड्यात बॅटरीचा दिवा पाहिला. आज त्याच्या शेजारचा, गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा. (एबीएसचा पिवळा दिवा हा वेगळा विषय, आपण बोलतोय त्या वयाच्या बहुतेक गाड्यांत तो नाहीच.)

हा दिवा म्हणजे दोन दारांच्या बटणांना मिळून एकच घंटा. वाजली की कोणत्या दाराशी कोण आलंय ते उठून बघावं लागतं. एक बटण हँडब्रेकच्या दांड्याखाली, दुसरं ब्रेक ऑइलच्या टाकीत. बहुतेक जुन्या गाड्यांत चावी फिरवली की दिव्याला करंट मिळतो, आणि या दोनपैकी कुठल्याही स्विचनं अर्थिंग दिलं की तो पेटतो.

शोध सुरू करण्याआधी एक करा. चावी ऑन, इंजिन बंद, हँडब्रेक ओढा. दिवा लागलाच पाहिजे. आमच्या शेजारच्यांनी जुनी पिकअप घेतली, तिचा दिवा कधी लागायचाच नाही, म्हणून ते खुशीत होते. मीटर उघडून पाहिलं तर होल्डरमध्ये बल्बच नव्हता. टाकीतलं ऑइल खालच्या खुणेच्याही बोटभर खाली. आधीच्या मालकानं घंटेची कटकट कायमची मिटवली होती.

आता दिवा लागलाय आणि जात नाही. पहिलं काम बॉनेट उघडून टाकीतली पातळी डोळ्यांनी बघायचं. ती ठीक असेल तर टाकीच्या झाकणावरचा किंवा बुडाशी असलेला सॉकेट काढा. दिवा गेला, तर दोष फ्लोटचा: आतला चुंबकाचा तरंगता गोळा गाळानं अडकलाय किंवा स्विच चिकटलाय. दिवा तसाच राहिला, तर हँडब्रेकच्या स्विचची वायर काढून बघा. इथे बिघाड म्हणजे बहुधा नुसता कचरा असतो. माल वाहणाऱ्या गाडीच्या केबिनमध्ये माती, कांद्याची टरफलं, सुतळीचे तुकडे असं काय काय दांड्याच्या खोबणीत साठतं आणि स्विचची पिन पूर्ण दबत नाही. ब्रशनं झाडा, काम झालं. दोन्ही वायरी काढूनही दिवा पेटलेला असेल तर वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागलीय. ते वायरमनवर सोपवा.

चालता चालता लुकलुकणारा दिवा मला जास्त आवडतो, कारण तो बरंच सांगतो. कसारा घाट उतरताना लागला, खाली सपाटीला गेला. वळणावर लागला, सरळ रस्त्यावर गेला. म्हणजे ऑइल अगदी काठावर आहे, आणि गाडी कलली की फ्लोटही कलतो. हीच वेळ शोधाची. नेमकी याच वेळी बाटली बाहेर निघते.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते बंद नळ्यांत असतं, त्यामुळे पातळी उतरण्याची कारणं दोनच. पुढचे पॅड झिजले की कॅलिपरचा पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि त्याच्या मागची वाढलेली जागा ऑइल भरून काढतं. ही उतरण महिनोनमहिने, हळूहळू होते. अशा वेळी टाकी काठोकाठ भरली तर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की तेच ऑइल वर उसळून बॉनेटखाली सांडतं. ते रंग खातं, लगेच पाण्यानं धुवा. तेव्हा पातळी उतरली तर आधी पॅड बघायचे.

पॅड जाड असतील तर गळती आहे. महिन्या-दीड महिन्यानं "थोडं" लागणारी गाडी गळतेच आहे, यात मला शंका नाही. मागच्या टायरची आतली बाजू बघा. ओल पातळ आणि निसरडी असेल तर व्हील सिलिंडर. दाट आणि उग्र वासाची असेल तर ॲक्सलचं सील गेलंय, ते ऑइल वेगळं. कुठेच ओल नाही आणि तरी पातळी उतरते? मास्टर सिलिंडर जिथे बुस्टरला बोल्टनं बसतो तो सांधा तपासा. मागचं रबर गेलं की ऑइल बुस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर थेंबही दिसत नाही. बऱ्याच चांगल्या मेकॅनिकांनाही या चोरानं फसवलंय, मलाही.

या दिव्याला काय कळत नाही तेही लक्षात ठेवा. नळीत हवा शिरलीय, पायडल स्पंजासारखं दबतंय, दिवा गप्प. हँडब्रेकची केबल सैल होऊन गाडी उतारावर सरकतेय, दिवा गप्प. त्याला दांडा वर की खाली एवढंच कळतं. डिझेल गाडीचा बुस्टर व्हॅक्यूम पंपावर चालतो आणि कित्येक पिकअपमध्ये तो पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच असतो. पट्टा तुटला की गेल्या आठवड्यातला बॅटरीचा दिवा लागतो, आणि थोड्या वेळानं पायडल दगडासारखं होतं. तेव्हा हा लाल दिवा बहुधा काहीच बोलणार नाही. बुस्टर तपासायचा तर इंजिन बंद ठेवून पायडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबूनच धरा आणि इंजिन चालू करा. पायडल किंचित खाली गेलं पाहिजे.

राहिली ती बाटली. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, आणि उघडलेल्या, सैल झाकणाच्या बाटलीत तर फारच. कोरडं डॉट 3 ऑइल 205 अंशांच्या वर उकळतं, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा 140 पर्यंत घसरू शकते. भरलेली गाडी घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच आणली तर तिथे एवढी उष्णता तयार होते. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पायडल जमिनीला टेकतं. दोन पावसाळे सीटखाली काढलेली बाटली टाकून द्या, सील न फोडलेली नवी आणा, टाकीच्या झाकणावर लिहिलाय तोच डॉट क्रमांक बघून.

पुढच्या आठवड्यात मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर बदलू आणि हवा काढू. निपलला बसणारा पाना, हातभर पारदर्शक नळी आणि पायडल दाबायला एक माणूस तयार ठेवा.