जंगलातल्या गाडीची काजळी

हिवाळ्यात पहाटे ताडोब्याच्या मोहर्ली प्रवेशद्वारापाशी जिप्सी गाड्यांची रांग लागते. गारठलेली इंजिने सुरू होतात आणि मग तीन-चार तास गाडी ताशी वीस किलोमीटरच्या आतबाहेर, पाणवठ्यापाशी थांबत, पुन्हा सुरू होत फिरते. अशी जपून चालवलेली गाडी जास्त टिकणार, असे आपल्याला वाटते. ब्रेकपुरते ते खरेही आहे. इंजिनाच्या पोटात मात्र उलटे घडते.

कंदील आठवा. वात फार वर काढली की ज्योत धुरकट होते आणि काच काळवंडते. रॉकेलमध्ये कार्बन व हायड्रोजन असतात. पुरेसा ऑक्सिजन मिळाला तर त्यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. तो कमी पडला तर काही कार्बन न जळताच काजळी होऊन बाहेर पडतो. पेट्रोलचेही तेच. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, म्हणजे एका लिटरला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा! थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ते जरा जास्तच सोडावे लागते. जुन्या गाडीत हे काम चोक करतो, नव्या गाडीत संगणक. जास्तीच्या पेट्रोलला हवा पुरत नाही, आणि काजळी दट्ट्याच्या माथ्यावर, झडपांवर व स्पार्क प्लगच्या टोकावर बसते. रिंगा झिजल्या असतील तर त्यांतून वर आलेले ऑइलही जळून त्यात भर घालते.

आता गंमत पाहा. प्लगचे टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर तापले की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. रेंगाळत चालणाऱ्या गाडीत ते तेवढे तापतच नाही. शिवाय पेन्सिलीच्या शिशाप्रमाणे काजळीतूनही वीज वाहते. मग फटीतून ठिणगी उडण्याऐवजी वीज काजळीवरूनच निसटते. मिस्त्री म्हणतात, ‘गाडी मिसिंग करतेय.’

दट्ट्यावरच्या थराचा त्रास वेगळा. त्याने पेट्रोल-हवेची जागा आक्रसते, दाब वाढतो, उष्णता बाहेर जात नाही. चढावर इंजिन खडखडू लागते. थराचा एखादा कण निखाऱ्यासारखा लाल झाला तर ठिणगीआधीच पेट्रोल पेटते. कार्ब्युरेटरच्या गाडीत किल्ली बंद केल्यावरही इंजिन काही क्षण धडधडत राहते, ते बहुधा यामुळेच.

ओळखायचे कसे? प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी पूड असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. ओला, तेलकट काळेपणा असेल तर ऑइल वर येते आहे, आणि मग नुसता प्लग पुसून भागणार नाही. कोरडा काळा प्लग दिसला की आधी हवेचा फिल्टर पाहा. उन्हाळ्यात जंगलरस्त्याची धूळ तो भरून टाकते, आणि हा उपाय सर्वांत स्वस्त.

इंजिन तापल्यावर मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे जोराने चालवले तर प्लगवरची मऊ काजळी जाते. झडपांवरचा घट्ट थर त्याने निघत नाही. पेट्रोलमध्ये घालायच्या साफ करणाऱ्या द्रावणांनी काही प्रमाणात निघतो. नाहीतर हेड उघडून खरवडावाच लागतो. दट्ट्या ॲल्युमिनियमचा असतो, तेव्हा लाकडाची पट्टी वापरावी, पोलादी पाते नको.

डिझेल गाड्याही सुटलेल्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत बहुधा धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ व्हायला धूर खूप तापावा लागतो. गाडी गावातल्या गावातच फिरली तर गाळणी तुंबते आणि समोर दिवा लागतो. त्या दिव्याकडे दुर्लक्ष करणे भामरागडकडे परवडत नाही. तिथून आलापल्ली साठ-पासष्ट किलोमीटर, मध्ये दाट जंगल. रुग्णाला घेऊन निघालेली गाडी तिथे बंद पडली तर मिस्त्री शोधायचा कुठे?

वर्गात दाखवायला मेणबत्ती आणि स्टीलचा चमचा पुरे. चमचा पिवळ्या ज्योतीत धरा, काळा होईल. पुसून गॅसच्या निळ्या ज्योतीवर धरा. मग गॅरेजमधून आणलेले दोन जुने प्लग, एक काळा आणि एक तपकिरी, मुलांच्या हाती द्या आणि कोणती गाडी जंगलात फिरत असेल ते विचारा.