चालत्या संगणकाची डिस्क बदलताना

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील कोणत्याही यंत्रशाळेत पहिला धडा हाच असतो : लेथ दुरुस्त करायचे तर आधी वीज बंद! महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या या जुन्या वसाहतीत आता कारखान्यांशेजारी माहिती तंत्रज्ञानाच्या इमारतीही उभ्या आहेत. संगणकसमूहात मात्र बिघडलेली हार्डडिस्क पुष्कळदा यंत्र चालू असतानाच बदलतात. हे कसे बरे शक्य होते?

संगणकसमूह म्हणजे एकाच कामाला जुंपलेले अनेक संगणक. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेचा १९९१ सालचा ‘परम ८०००’ हा महासंगणकही अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच बनला होता. समूहाची माहिती रॅकमध्ये, म्हणजे लोखंडी मांडणीत, ओळीने बसवलेल्या डिस्कवर साठवतात. डिस्क पुष्कळ असल्या की अधूनमधून एखादी बिघडणारच.

बेरजेची युक्ती

समजा, तीन डिस्कवर ७, ५ आणि ९ हे अंक आहेत. चौथीवर त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. आता ५ ची डिस्क बिघडली. २१ मधून ७ आणि ९ वजा करा. हरवलेले ५ परत मिळतात! प्रत्यक्षात बेरजेऐवजी ० आणि १ यांचा सम-विषमपणा नोंदवतात, तत्त्व तेच. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी १९८७ साली अशा रचनांना ‘रेड’ हे नाव दिले.

पण घाईत शेजारची ९ ची चांगली डिस्कच ओढली तर? २१ वजा ७ म्हणजे १४. हे १४ म्हणजे ५ आणि ९, की ६ आणि ८? सांगता येत नाही. म्हणून खरा धोका बिघडलेल्या डिस्कपेक्षा चुकीच्या डिस्कला हात लागण्याचा असतो.

कामाचा क्रम

१. खणाचा क्रमांक नोंदीशी ताडून पाहतात. संगणकाकडून त्याच खणाचा दिवा लुकलुकवून घेतात.

२. ती डिस्क वापरातून काढण्याची आज्ञा संगणकाला देतात.

३. मनगटाला जमिनीशी जोडलेली पट्टी बांधतात. आपल्याला जाणवतही नाही एवढ्या स्थिर विद्युतेने नाजूक भाग निकामी होऊ शकतात.

४. डिस्क थोडी बाहेर ओढून थांबतात. आतील तबकडी मिनिटाला ७२०० फेरेही घेत असते. ती थांबू द्यावी लागते.

५. तेवढ्याच किंवा अधिक क्षमतेची नवी डिस्क बसवतात. जोडणीतील जमिनीशी जोडलेली टोके किंचित लांब असतात. ती आधी जुळतात, म्हणून वीज चालू असली तरी चालते.

काम येथे संपत नाही. १० टेराबाईटची डिस्क सेकंदाला २०० मेगाबाईट या वेगाने भरली तरी ५०,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ १४ तास लागतात. तेवढ्यात दुसरी डिस्क बिघडली तर? म्हणूनच मोठ्या समूहांत एकाऐवजी दोन निरनिराळे पडताळे ठेवतात. शिवाय महत्त्वाच्या माहितीची एक प्रत दुसरीकडेही हवीच.

करून पाहा

वर्गात चौघांच्या हाती अंकांच्या व बेरजेची चिठ्ठ्या द्या. एक चिठ्ठी लपवा आणि ओळखा. मग दोन लपवा. दोन चिठ्ठ्या लपवूनही अंक ओळखता यावेत, यासाठी बेरजेशिवाय आणखी कोणती नोंद ठेवाल?