गालिचा धुण्याची मशीन घेताय? आधी ती चालवणार कोण, ते ठरवा

अशोक विजयादशमीनंतर दोन-तीन दिवसांनी नागपुरातल्या आपल्या वस्त्यांमधून फिरलात, तर गच्च्या, कठडे आणि अंगणातल्या तारा सतरंज्या-गालिच्यांनी भरलेल्या दिसतात. दीक्षाभूमीवर आलेले गावाकडचे पाहुणे परतलेले असतात. दोन-तीन खोल्यांच्या घरात पंधरा-वीस माणसं राहून, जेवून, झोपून गेलेली असतात. पायांची माती, सांडलेला चहा, वरणाचे थेंब, लहान लेकरांनी केलेलं ओलं, सगळं बैठकीतल्या गालिच्यात उतरलेलं असतं. गच्चीवर तो झटकणारी व्यक्ती कोण असते, हे सांगायची गरज नाही.

या दिवसांत आम्हाला तरुण कार्यकर्त्यांचे फोन येतात. "आईची कंबर जाते, एक मशीन घेऊन टाकतो. कोणती घेऊ?" विचार चांगला आहे. पण ऑनलाइन सेलमध्ये ज्याला 'कार्पेट क्लीनर' म्हणतात, त्या नावाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि चुकीची वस्तू घरी आली की ती महिन्याभरात माळ्यावर जाते.

सुरुवात गालिच्यापासून करा. सुती सतरंजी किंवा दरी असेल तर मशीन नकोच. झटकली, नळाखाली धुतली, उन्हात टाकली की काम झालं. तागाचं म्हणजे ज्यूटचं अंथरूण असेल तर त्याला पाणी लावू नका, पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि ते निघत नाहीत. लोकरीचा गालिचा गरम पाण्याने आटतो. आज आपल्या बहुतेक घरांत असतो तो पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचा, मागे गोंदाने कापड चिकटवलेला जाड गालिचा. हाच तो, जो उचलवत नाही, पिळता येत नाही आणि वाळत नाही. मशीनचा खरा उपयोग याच्यासाठी.

आता मशीन. साधा व्हॅक्यूम क्लीनर कोरडी धूळ ओढतो. गालिच्यातली बहुतेक घाण ही कोरडी माती-रेतीच असते, म्हणून नव्वद टक्के दिवस काम यानेच भागतं. दुसरी 'वेट अँड ड्राय' मशीन. इथे फसगत होते. ही मशीन सांडलेलं पाणी ओढून घेते, पण स्वतः पाणी फवारत नाही, त्यामुळे ती गालिचा धूत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात दुकानदाराने हीच 'धुण्याची मशीन' म्हणून दिली. गालिच्यावर बादलीने पाणी ओतून मग ते ओढत बसावं लागलं आणि खालचा गोंद सुटला. तिसरी, खरी धुणारी: तिला दोन टाक्या असतात. एकीतलं स्वच्छ साबणपाणी दाबाने गालिच्यात फवारलं जातं, ब्रश घासतो आणि त्याच तोंडाने घाण पाणी दुसऱ्या टाकीत ओढलं जातं. चौथी वाफेची. ती घाण सैल करते, बाहेर काढत नाही, आणि गोंदाच्या गालिच्याला तर धोक्याचीच. रोबोटबद्दल एवढंच म्हणू, की जिथे दिवसभर माणसं जमिनीवर बसलेली असतात तिथे तो बिचारा फिरणार कुठे?

धुणारी मशीन घेतली तरी आधी कोरडी धूळ ओढावीच लागते. धुळीवर पाणी पडलं की चिखल होतो. म्हणजे एका मशीनमध्ये दोन्ही कामं होत नसतील तर घरात दोन मशीन लागतात. हा हिशेब विकणारे सांगत नाहीत.

खोक्यावर मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेले असतात. वॅट म्हणजे मशीन किती वीज खाते. किती ओढते ते नाही. युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूम क्लीनरवर २०१४ मध्ये १६०० वॅटची आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली, तरी तिथले गालिचे साफ होतातच. तेव्हा ओढण्याची शक्ती किती किलोपास्कल, ते विचारा. आणि १६०० वॅटची मशीन सुमारे ७ अँपिअर घेते, घरातला साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. तिला १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट हवा. ओल्या मशीनसाठी अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वस्तीतल्या किती घरांत अर्थिंगची तार नुसती लोंबकळत असते, हे आम्ही पाहिलं आहे. पाणी आणि वीज एकत्र आल्यावर तिथे हलगर्जीपणा चालत नाही.

फिल्टरबद्दल सांगताना विनयपिटकाची आठवण येते. चुल्लवग्गात भिक्खूंनी निवासस्थान कसं स्वच्छ ठेवावं याचे बारीक नियम आहेत. जमिनीवरचं अंथरूण बाहेर काढताना ते कसं घातलं होतं ते लक्षात ठेवावं, उन्हात टाकावं, झटकावं, पुन्हा होतं तसं घालावं. झटकताना दुसऱ्या भिक्खूंजवळ, पिण्याच्या पाण्याजवळ झटकू नये. वारा समोरून येत असताना झटकू नये, तर वाऱ्याच्या दिशेने झटकावं. आपली धूळ दुसऱ्याच्या नाकात जाऊ नये, एवढी काळजी त्यात आहे. स्वस्त व्हॅक्यूम नेमकं उलटं करतो. जाड धूळ पिशवीत ठेवतो आणि सगळ्यात बारीक धूळ मागून परत खोलीत सोडतो. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर हेपा फिल्टर घ्याच. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. 'हेपासारखा' असं लिहिलं असेल तर तो हेपा नव्हे.

धुण्याची वेळही महत्त्वाची. आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो, घरोघरी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालतं, रोज माणसं येतात. नेमका तेव्हाच गालिचा सगळ्यात जास्त मळतो आणि तेव्हाच तो धुणं सगळ्यात वाईट. चांगली मशीनही थोडा ओलावा मागे सोडतेच. पंखा लावून उन्हाळ्यात तो काही तासांत जातो, श्रावणातल्या दमट हवेत दुसऱ्या दिवशीही जात नाही, मग कुबट वास आणि बुरशी. पावसात फक्त कोरडं ओढा, डाग पडला तर तेवढाच टिपा, धुणं ऑक्टोबरच्या उन्हावर सोडा. साबण कमी फेसाचा हवा. कपड्यांची पावडर घातली तर फेस मोटारीपर्यंत चढतो, शिवाय गालिच्यात चिकटपणा राहून तो आठ दिवसांत पुन्हा काळा पडतो. शेवटचा हात नुसत्या पाण्याचा मारा.

मशीन चालवणार कोण, हे बहुतेक घरांत खरेदीआधी ठरलेलंच असतं; फक्त कुणी बोलत नाही. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात दाखवलं, की घरात यंत्रं आली तरी बाईचे कामाचे तास फारसे घटले नाहीत. जड गालिचे अधूनमधून बाहेर नेऊन बडवायला पूर्वी पुरुष आणि मुलं हात लावत. व्हॅक्यूम आल्यावर 'आता सोपं झालं' म्हणून ते काम एकट्या बाईचं झालं आणि दर आठवड्याचं झालं. आपल्याकडचे आकडेही बघा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. समतेवर तासभर बोलून झाल्यावर सतरंजीच्या घड्या कोण घालतं, हे आपल्याच बैठकांत मोजून पाहावं.

दुसरीही एक गोष्ट. आपल्या समाजातल्या कितीतरी आया-बहिणी दुसऱ्यांच्या घरी धुणी-भांडी करतात. त्यांच्याशी बोलताना एकच तक्रार वारंवार ऐकू येते: "मशीन आली अन् काम वाढलं, पगार तेवढाच." गालिचा आधी दिवाळीला बाहेर धुवायला जायचा, मशीन आल्यावर तो महिन्याला बाईच्या अंगावर पडतो. आता आपल्यापैकी काहींच्या घरीही कामाला मावशी येतात. त्यांच्याकडून मशीन चालवून घ्यायची असेल तर ते वेगळं काम आहे, त्याचे वेगळे पैसे आधी ठरवा, आणि खरेदीआधी त्यांना विचारा. चार घरच्या मशीन हाताळलेल्या मावशींना कुठली नळी फाटते, कुठल्या ब्रशात केस अडकतात, हे दुकानदारापेक्षा नक्की जास्त माहीत असतं.

मशीन चालवायची कुणी, हे ठरलं की निवड आपोआप सोपी होते. साठीच्या आईनेच वापरायची असेल तर जड मशीन बाद. टाकीत चार लिटर पाणी भरलं की चार किलो वजन वाढतं, आणि घाण पाणी ओतायला ती मोरीपर्यंत न्यावी लागते. घरातली पोरं आळीपाळीने चालवणार असतील तर थोडी जड, मोठ्या टाकीची चालेल. फिल्टर, पट्टा आणि ब्रश आपल्याच शहरात मिळतात का, हे पैसे देण्याआधी फोन करून विचारा.

एक गालिचा वर्षातून दोनदा धुवायचा तर प्रत्येक घरात धुणारी मशीन कशाला? व्हॅक्यूम ज्याचा त्याचा असू द्या. धुणारी मशीन चार-पाच घरांनी मिळून किंवा वस्तीतल्या विहाराच्या नावाने घ्यावी. विहारातली मोठी जाजमंही तिनेच निघतील. फक्त एक वही ठेवा: कुणी नेली, कधी आणली, टाकी धुऊन वाळवून परत केली का. ओली टाकी तशीच बंद करून ठेवली तर पुढच्या घराला वासच नेऊन द्यायचा. आणि त्या वहीत नेणाऱ्याचं नाव लिहिताना कुटुंबाचं नको, प्रत्यक्ष चालवणाऱ्या माणसाचं लिहा. सहा महिन्यांनी ती वही विहारात सगळ्यांसमोर उघडून वाचायची.