संशयाचा चेहरा

शीळफाट्याहून मुंब्रा बायपास धरून ठाण्यात गेलं की हिरानंदानी मेडोजला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह आहे. हे नाव वाचलं की बहुतेकांना ‘अश्रूंची झाली फुले’मधला लाल्या आठवतो. मला आधी आठवतो तो ‘पाठलाग’मधला वकील. मराठीतल्या मानसशास्त्रीय थरारपटांचा आढावा घ्यायचा तर मी त्याच्यापासूनच सुरुवात करीन.

राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ चा, जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा. वकिलाची बायको त्याच्या डोळ्यांदेखत जाते. पुढे दरोडेखोरांच्या टोळीतली म्हणून पकडलेली एक बाई हुबेहूब तिच्यासारखी निघते आणि ‘मीच तुमची बायको’ असं सांगू लागते. नवरा-बायकोखेरीज कुणाला ठाऊक नसावं असंही ती बोलून दाखवते. रहस्य इथे फोडत नाही. साठ वर्षांनंतरही ते पहिल्यांदा पाहणाऱ्याचा हक्क आहे.

आरोपीच्या पिंजऱ्यातली ही बाई साकारणाऱ्या अभिनेत्री भावनाचं काम अवघड आहेच. तिला खरी आणि खोटी, दोन्ही वाटेल असं बोलायचं आहे, तेही प्रेक्षकाला कुठल्याच बाजूला झुकू न देता. पण माझी नजर पुन्हा पुन्हा घाणेकरांकडे जाते. तिच्यावर विश्वास ठेवावा तर जिच्या चितेला आपण अग्नी दिला ती कोण, हा प्रश्न उभा राहतो. न ठेवावा तर समोर तोच चेहरा, तोच आवाज. हा पेच त्यांना संवादाविना पेलायचा आहे. रंगमंचावर टाळ्या वसूल करणारा हा नट इथे नजर चुकवतो, आवाज आवरतो, आणि त्यामुळेच आपल्यालाही त्या बाईची भीती वाटू लागते. वेड दाखवायला नटाला हातपाय हलवता येतात. संशय दाखवायचा तर जागच्या जागी उभं राहावं लागतं. या प्रकारच्या सिनेमाचा खरा भार मला संशय घेणाऱ्यावर दिसतो.

राज खोसला यांनी १९६६ मध्ये ‘पाठलाग’वरूनच हिंदीत ‘मेरा साया’ केला. साधना आणि सुनील दत्त दोघंही त्यात उत्तम आहेत, मदनमोहनचं संगीत तर अजरामर. तरीही कोर्टातली कोंडी मला मराठीतच जास्त जाणवते.

‘पाठलाग’नंतर बारा वर्षांनी, १९७६ मध्ये, वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. पुन्हा घाणेकर, सोबत आशा काळे. सोशिक सुनेच्या भूमिकांत अडकलेल्या या अभिनेत्रीला इथे भेदरलेली, स्वतःच्या डोळ्यांवरचाच भरवसा उडालेली मुलगी करायला मिळाली आणि तिने त्या संधीचं सोनं केलं. सुधीर मोघे, हृदयनाथ मंगेशकर आणि महेंद्र कपूर यांच्या गाण्याने तर सिनेमाबाहेरही आपला दरारा टिकवला. २०१६ मध्ये आलेल्या ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेचं नाव त्याच गाण्यातलं.

मधली वर्षं रोडावलेली. अजय फणसेकरांच्या ‘रात्र आरंभ’मध्ये स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला माणूस दिलीप प्रभावळकरांनी केला. भुताची पळवाट न काढता आजाराकडे आजार म्हणून पाहणाऱ्या या सिनेमाचं नाव आज फारसं कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शेखर ताम्हाणे यांचं ‘सविता दामोदर परांजपे’ रंगभूमीवर गाजलं ते रीमांच्या अभिनयाने. त्यावर २०१८ मध्ये स्वप्ना वाघमारे जोशी यांनी सिनेमा केला. एकाच देहात कुसुम आणि सविता अशा दोघींना वागवण्याची कसरत तृप्ती तोरडमल यांच्याकडे, आणि सुबोध भावे तिचा नवरा शरद. आपल्या बायकोच्या तोंडून परकी बाई बोलते आहे हे त्याला मानवत नाही, नाकारताही येत नाही. भावे ते फार बोलून दाखवत नाहीत, आणि तेच योग्य आहे. त्याच वर्षी त्यांनी पडद्यावर खुद्द घाणेकर साकारले, शिट्ट्या मिळवल्या. मला विचाराल तर घाणेकरांचा वारसा त्यांनी जास्त चालवला तो शरदच्या भूमिकेत.