उपदेश सोपा, शिकवणं अवघड



"आमची मुलं ऐकतच नाहीत हो! श्लोक झाले, गोष्टी झाल्या, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी!" अमिरातीत दोन मराठी कुटुंबं भेटली, की चहाच्या दुसऱ्या कपापर्यंत हा विषय निघतोच. दोष अर्थातच घड्यावर जातो. पाणी ओतण्याची पद्धत मात्र कुणी तपासत नाही. म्हणून या वेळी थोडंसं उपदेश आणि शिकवण यांतल्या फरकाविषयी.

हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. पण उपदेशात काय सांगायचं ते बोलणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. समोरच्याने मान डोलावली की काम संपलं. शिकवण्याची सुरुवात समोरच्यापासून होते. त्याला काय ठाऊक आहे, कुठे अडतंय, हे आधी पाहावं लागतं. आणि तो स्वतःच्या पायाने एक पाऊल पुढे गेला, तरच शिकवणं झालं म्हणायचं. उपदेशाला श्रोता पुरतो, शिकवण्याला मात्र शंका विचारणारा लागतो.

याचं आपल्या घरातलं म्हणावं असं उदाहरण म्हणजे विनोबा भावे यांच्या आई, रुक्मिणीबाई. गीतेवरचं प्रवचन त्या ऐकायला जात, पण संस्कृत श्लोक कळत नसत. त्यांनी मुलाकडे मराठी गीता मागितली. विनोबांनी मिळाला तो पद्य अनुवाद आणून दिला. तोही जड वाटला, तेव्हा त्या म्हणाल्या, की मग तूच का नाही सोपी गीता लिहीत? 1918 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर बारा वर्षांनी, 1930-31 मध्ये, विनोबांनी 'गीताई' लिहिली. ज्या ग्रंथाने पुढे महाराष्ट्रातली घरंच्या घरं गीतेपर्यंत पोचली, त्याचं मूळ एका आईच्या "मला कळलं नाही" या वाक्यात आहे. तिला "श्रद्धेने ऐकत राहा, कळेल हळूहळू" असं सांगून गप्प करता आलं असतं. तो झाला असता उपदेश.

पुढे 1932 मध्ये विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत दर रविवारी ते गीतेच्या एका अध्यायावर बोलले. अठरा रविवार, अठरा अध्याय! ऐकणारे होते बरोबरचे कैदी. साने गुरुजींनी ती भाषणं तिथल्या तिथे उतरवून घेतली, म्हणून आज 'गीता प्रवचने' आपल्या हाती आहे. नावात 'प्रवचने' असली, तरी पद्धत शिक्षकाची आहे. रोजच्या जगण्यातले दाखले द्यायचे, साध्या भाषेत बोलायचं आणि आठवड्याला एकच घास भरवायचा.

दुसरं उदाहरण गाडगेबाबांचं (1876-1956). बाबांना अक्षरओळख नव्हती, पण लोकशिक्षक म्हणून त्यांच्या तोडीचा माणूस विरळाच. गावात आले की आधी हातात झाडू घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तनातही नुसतं सांगत सुटायचे नाहीत. वऱ्हाडी बोलीत समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे. कर्ज काढून सण करावा का? देवाला बोकड लागतो का? पोराला शाळेत घालायचं की नाही? उत्तर लोकांच्याच तोंडून यायचं, आणि स्वतः दिलेलं उत्तर माणूस सहसा विसरत नाही. शिवाय स्वच्छतेबद्दल बोलणाऱ्याने सकाळीच गाव झाडलेलं लोकांनी पाहिलेलं असायचं. आडात असलं, की पोहऱ्यात येतंच.

आता आपल्या इथल्या परिस्थितीकडे वळू या. महाराष्ट्रात मुलाला बरंच काही न शिकवता मिळतं. दारावरून दिंडी जाते, पहाटे काकडआरती कानावर पडते, आजी एकादशीला साबुदाणा भिजवते. इथे तसं वातावरण नाही. मंदिरं आहेत. बर दुबईत 1958 पासून पूजाअर्चा होत आली, ऑक्टोबर 2022 मध्ये जेबेल अलीचं मंदिर उघडलं, फेब्रुवारी 2024 मध्ये अबू धाबीचं. पण मंदिरात दर्शन होतं, आणि मुलांचे प्रश्न सुरू होतात ते परतीच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या सीटवरून! शिवाय या देशात सार्वजनिक ठिकाणी आपल्या धर्माचा प्रचार करत फिरता येत नाही. धर्मांचा अवमान आणि द्वेष पसरवणं रोखणारा कायदा 2015 मध्ये आला आणि 2023 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. म्हणजे व्यासपीठ मर्यादित. घर मात्र आपलं आहे, आणि शिकवायला घरासारखी जागा नाही.

मग घरी काय करता येईल?

पहिलं म्हणजे, प्रश्नाला उद्धटपणा समजू नये. "बाप्पाला बादलीत का बुडवायचं?" असं मुलाने विचारलं, तर "असं बोलू नये" हा उपदेश झाला. मूर्ती पार्थिव, म्हणजे मातीची असते, काही दिवस तिच्यात देव मानून पूजा करायची आणि माती पुन्हा पाण्यात विरघळू द्यायची, हे सांगणं ही शिकवण. त्यासाठी समुद्रच हवा असं नाही, हेही त्यातून आपोआप कळतं.

दुसरं, उत्तर येत नसेल तर "चल, शोधू या" म्हणावं. त्याने आईबाबांचा मान कमी होत नाही. आरतीतल्या एकेका शब्दाचा अर्थ दर आठवड्याला मिळून शोधला, तरी वर्षात बावन्न शब्द होतात.

तिसरं, शेजाऱ्यांचा धर्म टाळू नये. रमजानमध्ये वर्गातला मित्र डबा खात नाही, हे मूल पाहतंच. "त्यांचं वेगळं, आपलं वेगळं" एवढ्यावर विषय मिटवण्यापेक्षा रोजा आणि आपला उपास यांत सारखं काय, वेगळं काय, हे त्यालाच विचारावं. दुसऱ्याला समजून घेताना मूल स्वतःचंही नीट पाहू लागतं.

आणि चौथं गाडगेबाबांचं, आधी झाडू मग कीर्तन. खरं बोलावं असं सांगणाऱ्याने फोनवर "मी घरी नाही म्हणून सांग" म्हणू नये. मुलं कानांपेक्षा डोळ्यांनी जास्त शिकतात.

हे सगळं कशासाठी? आपली मुलं बारावी झाली की उडून जाणार. कुणी पुण्याला, कुणी कॅनडाला, कुणी आणखी कुठे. तिथे रोज संध्याकाळी "शुभं करोति म्हटलंस का?" असं विचारायला आपण नसणार. धाकाने केलेलं धाक संपला की सुटतं. समजून घेतलेलं त्यांच्याबरोबर जाईल, आणि जे पटलं नाही ते सोडतानाही ती विचार करून सोडतील. ते स्वातंत्र्य त्यांना देण्याची तयारी असेल, तरच आपण शिकवतोय असं म्हणता येईल.

तेव्हा मंडळी, या आठवड्यात मुलांना एक श्लोक कमी सांगू या आणि त्यांचा एक प्रश्न जास्त ऐकू या. घडा आपणहून सुलटा होतो का, ते पाहू!