आधी जिग, मग फ्रेम

मोटरसायकलची फ्रेम धरायचं जिग आमच्या घरामागच्या शेडमध्ये उभं राहिलं, त्याला आता काही वर्षं झाली. २०१७ च्या सुमारास विचार सुरू झाला, २०१९ मध्ये लोखंड जमलं, टाळेबंदीच्या वर्षात आराखडे पक्के झाले आणि त्यानंतर एकेक फ्रेम त्यावर चढू लागली. कोल्हापुरात लेथ, ड्रिल, वेल्डिंग यांची कमतरता कधीच नव्हती. उद्यमनगरात काय हवं ते घडवून मिळतं. तरीही फ्रेम मोजून सरळ करणारं साधन आपल्या गॅरेजांत क्वचितच दिसतं. ते घरी कसं झालं आणि त्यानं काय शिकवलं, याचा हा मागोवा.

मार बसलेली गाडी गॅरेजला आली की मिस्त्री दोन्ही चाकांना दोरी लावून पाहतो. चाकं एका रेषेत आहेत की नाहीत, एवढं दोरी सांगते. दोष कुठे आहे ते सांगत नाही. शॉकअप वाकले असोत, ते धरणारी टी वाकली असो, मागचं चाक धरणारा चिमटा पिळला असो की हँडलची नळी कलली असो, दोरी सारखीच तिरकी दिसते. मग गॅसनं लाल करून, पाइप घालून, नजरेच्या अंदाजानं फ्रेम ओढली जाते. त्यात मिस्त्रीच्या हाताचं कसब मोठं असतं, पण मोजायलाच काही नसेल तर कसबालाही मर्यादा येते. जिगची गरज आम्हाला तिथे जाणवली.

फ्रेममध्ये महत्त्वाच्या जागा दोन: पुढे हँडलची नळी, म्हणजे कोनसेट बसतो ती, आणि मागे चिमट्याचा बोल्ट. नळीचा आस गाडीच्या बरोबर मध्यावर हवा आणि चिमट्याचा आस त्या मध्याला काटकोनात हवा. बाकीच्या नळ्या या दोन जागा एकमेकींपासून हलू नयेत म्हणून असतात. नळी बाजूला अर्धा अंश कलली तर नुसत्या डोळ्याला कळतही नाही. पण तिथून जमिनीपर्यंत साधारण ७०० मिलिमीटर अंतर धरलं तर पुढचं चाक सहा मिलिमीटर बाजूला जातं. गाडी एका बाजूला ओढते ती अशी.

पुढून मागे असलेला कलही तितकाच नाजूक. चाकाची त्रिज्या ३२५ मिलिमीटर, नळीचा कल उभ्या रेषेपासून २७ अंश आणि फोर्कचा ऑफसेट, म्हणजे नळीच्या आसापासून चाकाचा आस जितका पुढे असतो तो, ५० मिलिमीटर धरला, तर ट्रेल सुमारे ११० मिलिमीटर येतो. नळीचा आस खाली वाढवला तर तो जिथे जमिनीला भेटतो, तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. हँडल आपोआप सरळ राहतं ते त्याच्यामुळे. आता कल २८ अंश केला की ट्रेल ११६ वर जातो. एका अंशात सहा-सात मिलिमीटरचा फरक पडतो आणि चालवणाऱ्याच्या हाताला तो लगेच जाणवतो. हा हिशेब वहीत मांडल्यावर जिग किती अचूक हवं, हे आम्हाला नेमकं कळलं.

पाया म्हणून जुन्या सहा फुटी लेथचा बेड मिळाला, भंगाराच्या भावात. चॅनेल जोडूनही जिग होतं आणि बहुतेक जण तसंच करतात, पण वेल्डिंगनं चॅनेल ओढला जातो आणि मग तो सरळ करत बसावं लागतं. वर्षानुवर्षं कामात मुरलेलं बिडाचं ओतकाम सहसा आकार बदलत नाही. शिवाय बेडवर व्हीच्या आकाराची पट्टी पहिल्यापासून असते, म्हणजे गाडीची मध्यरेषा आयतीच मिळाली. त्या पट्टीवरून सरकणाऱ्या बैठका केल्या की त्यांच्यावरचा प्रत्येक खांब कुठेही नेला तरी मध्यावरच राहतो. जुना बेड हेडस्टॉकच्या बाजूला जास्त झिजतो, म्हणून तो भाग मोकळा सोडला आणि टेलस्टॉककडची बाजू कामाला घेतली. खाली जॅक बोल्ट लावून, मीटरला ०.०२ मिलिमीटरचा फरक दाखवणारी पाणसळ ठेवून बेड समतल केला. या कामात घाई चालत नाही. संध्याकाळी समतल केलेला बेड सकाळी पुन्हा तपासायचा, आणि पाणसळीचा बुडबुडा हलेनासा झाला की मगच पुढचं काम हाती घ्यायचं.

हँडलच्या नळीसाठी दोन शंकू लागतात. एका जाड दांड्यावर ते समोरासमोर सरकतात, नळीच्या दोन्ही तोंडांत बसतात आणि नट आवळला की नळी आपोआप दांड्याच्या मध्यावर येते. उद्यमनगरातल्या ज्या टर्नरकाकांनी ते काढून दिले, त्यांनी दांडा दोन सेंटरमध्ये धरला आणि शंकूंच्या बैठका एका दमात फिरवून घेतल्या. ‘‘जॉब सोडून परत धरला की मध्य गेला म्हणून समजा,’’ ते म्हणाले. जिगचं सगळं शास्त्र त्या एका वाक्यात आहे.

कल ठरवायला कोनमापक पुरत नाही. त्यावर अर्धा अंश इकडेतिकडे होतोच. म्हणून दांड्याच्या धारकावर एकमेकींपासून बरोबर २०० मिलिमीटरवर दोन पिना बसवल्या. दोन्ही पिना एका उभ्या रेषेत आल्या की कल शून्य. वरची पिन त्या रेषेपासून ९०.८ मिलिमीटर मागे गेली की २७ अंश, ९३.९ गेली की २८. अंशाला तीन मिलिमीटर, म्हणजे साध्या व्हर्निअरवरही अंशाचा लहानसा हिस्सा वाचता येतो. महागडं यंत्र न घेता अचूकपणा असाही साधतो.

जुन्या बुलेटची फ्रेम जिगवर घेतली तेव्हा आणखी एका भागाची गरज पडली. तिच्या इंजिनाखालून नळी जात नाही. पुढून उतरणारी एकच नळी इंजिनाच्या प्लेटांपाशी थांबते आणि पुढचा सांधा इंजिन स्वतः जोडतं. इंजिन उतरवलं की फ्रेम खालून उघडी. अशा फ्रेमवर आच लावली तर ती तोंड उघडते किंवा मिटते. म्हणून रिकाम्या क्रँककेसवरून बोल्टांच्या जागा उतरवून जाड प्लेटचं खोटं इंजिन केलं आणि काम संपेपर्यंत ते फ्रेममध्ये आवळून ठेवलं.

वेल्डिंगनं मात्र सर्वांत जास्त शिकवलं. पोलादाची नळी मीटरमागे शंभर अंशांना सुमारे १.२ मिलिमीटर लांबते, आणि सांधा निवताना वेल्डच्या बाजूला ओढली जाते. जिग ती ओढ धरून ठेवतं, नाहीशी करत नाही. नट सैल केले की फ्रेम आपली खरी जागा घेते. म्हणून आधी सगळीकडे टाचे मारायचे, मग समोरासमोरचे सांधे आलटूनपालटून भरायचे, मध्ये निवू द्यायचं, आणि शेवटी फ्रेम सोडून डायल गेजनं पुन्हा मोजायची. सोडल्यावर किती हलली हा आकडा वहीत गेला की पुढच्या फ्रेमला सांध्यांचा क्रम बदलता येतो. त्या वहीनं दिलेली शिकवण कुठल्याही एका नळीपेक्षा मोलाची ठरली.

फ्रेम घडवण्याचं हे वेड जगात नवं नाही. बेलफास्टच्या रेक्स मॅककँडलेसनं आखलेली फेदरबेड फ्रेम नॉर्टननं १९५० मध्ये शर्यतीत उतरवली आणि त्या वर्षी आइल ऑफ मॅनच्या ज्युनियर आणि सीनियर या दोन्ही टीटी शर्यतींत पहिल्या तिन्ही जागा पटकावल्या. चाळीस फुटांहून जास्त नळी लागणाऱ्या या फ्रेमा पुढे रेनॉल्ड्सच्या कारखान्यात पितळी वेल्डनं जोडल्या गेल्या. त्याच फ्रेममध्ये ट्रायम्फचं इंजिन बसवून इंग्लंडमधल्या पोरांनी घरोघरच्या शेडमध्ये ट्रायटन उभ्या केल्या. रॉयल एनफिल्डनं २०१३ मध्ये आणलेल्या काँटिनेंटल जीटीची फ्रेमही इंग्लंडच्या हॅरिस परफॉर्मन्सनं आखली. हॅरिस बंधूंनी सुरू केलेली ही छोटी, शर्यतीच्या फ्रेमांसाठी नावाजलेली कार्यशाळा दोन वर्षांनी एनफिल्डनं विकतच घेतली. लहान शेडमधलं ज्ञान मोठ्या कारखान्याच्या कामी येतं, याला याहून चांगला दाखला नको.

आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नं ते बांधून दिलं आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. ही मर्यादा मला योग्य वाटते. सांधा सुटला तर जीव चालवणाऱ्याचा आणि समोरच्याचाही जातो. त्यामुळे आमच्या जिगची कामं दोनच: जुन्या गाड्यांच्या फ्रेमा कारखान्यातून निघाल्या तशा मापात आणणं, आणि केवळ बंद ट्रॅकवर चालणाऱ्या गाड्यांसाठी नवी फ्रेम जोडणं. अभियांत्रिकीची पोरं बाहासारख्या गाडीबांधणीच्या स्पर्धांसाठी नळ्यांच्या चौकटी जोडतात. त्यांच्यातली काही शेडवर येतात आणि आधी पाणसळ हातात घ्यायला शिकतात.

मागे वळून पाहताना एक गोष्ट लख्ख दिसते. धरण्यासाठी केलेलं हे जिग मोजण्यासाठीच जास्त वापरलं गेलं. बुलेट, राजदूत, येझदी, ज्या ज्या फ्रेमा त्यावर चढल्या त्यांचा कल, नळीची लांबी, चिमट्याची रुंदी, बोल्टांची अंतरं वहीत आली. मिस्त्रींच्या पिढीला ही मापं हातानं ठाऊक होती, पण ती कागदावर क्वचितच उतरली आणि गाड्या तर रोज भंगारात जात आहेत. घरी जिग करणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: पहिल्या फ्रेमची घाई करू नका, आधी एक सरळ रेषा पक्की करा आणि तिच्यापासून मोजायला लागा. वाड्यात, गोठ्यात, परसात जुनी गाडी पडून असेल तर ती विकण्याआधी कुणा जाणत्याकडून तिची मापं काढून घ्या. गाडी गेली तरी मापं राहिली, तर उद्या कुणीतरी तशी फ्रेम पुन्हा उभी करू शकेल.